गोगलगाय

दुकानातली बाई म्हणाली, आधी ओळख करून घे,
प्रश्न नंतर.
रात्रीला एक पत्ता. घाई नको.
मी म्हटलं, अगं, मी शाळेची बस चालवते,
स्ट्रॉमनेस ते बर्झे, बत्तीस मुलं,
मला ओळख गर्दीतच होते.

म्हणून पहिल्याच रात्री अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर
जेवणाच्या टेबलावर पसरले,
मीठदाणी आणि टायरचं बिल बाजूला सारून.
कोरे करकरीत. पिसायला गेले तर हातातून उधळले;
एक राजा थेट स्टोव्हखाली गेला,
उलथन्याने बाहेर ओढावा लागला.
त्याच्या मुकुटाला राख आहे अजून.

ह्या गठ्ठ्यात तलवारी म्हणजे बर्फाचे सुळे,
पेले म्हणजे सील-बायकांनी काठावर विसरलेले शिंपले,
नाणी ड्रॅगनच्या खवल्यांची,
छड्या हरणाच्या शिंगांच्या.
मूर्ख म्हणजे एक बुटका पोर, बुटाची नाडी सुटलेली,
पुलाच्या टोकावर, जिथे पुढे पूलच नाही.
त्याला पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं:
खाली बस. पट्टा लाव.

सोबत एक चोपडी होती, मुंगीएवढी अक्षरं,
सुलटा आला तर हे, उलटा आला तर ते.
तीन दिवस वाचली.
चौथ्या दिवशी टेबलाच्या आखूड पायाखाली घातली,
तेव्हापासून तिचा उपयोग होतो.

डिसेंबरात इथे साडेतीनलाच अंधारतं.
मुलं सोडायची, इंजिन बंद करायचं,
हातमोजे न काढता एक पत्ता उचलायचा.
काही म्हणजे काही सांगत नाही तो.
मृत्यू आला, बगळ्याच्या डोक्याची बाई,
काखेत कालवांची टोपली,
त्या दिवशी फक्त वायपर तुटला.
प्रेमी आले, दोन पतंगपंखी जीव
एकमेकांच्या पंखांवरची भुकटी झाडत,
त्या दिवशी दातांच्या डॉक्टरचं स्मरणपत्र.

मग नवव्या की दहाव्या रात्री
चेटकिणीच्या पायरीवर मला दिसली
एक गोगलगाय.
मोहरीएवढी.
चोपडीत तिचा उल्लेख नव्हता.
मागचा पत्ता काढला:
बैराग्याच्या कंदिलात, काचेला आतून चिकटलेली.
राणीच्या वेणीत.
ड्रॅगनच्या नाकपुडीपाशी, वाफेने ओली.
बगळ्याच्या बाईच्या टोपलीतही, पण ती निघालेली,
काठावर चढून अर्धी बाहेर.

आता माझा प्रश्न एकच असतो: कुठे आहेस?
आणि तिला शोधता शोधता बाकीचं पाहून होतं,
कोणाची कोपरं फाटलीत, कोण रडून आलंय,
कोण हसतंय पण मूठ सोडत नाही.
बसच्या आरशात पाहते तसं.
रोना हेडल आठवडाभर बहिणीशेजारी बसली नाही
हे मला पूर्वी दिसलं असतं का,
सांगता येत नाही.

सत्त्याहत्तर सापडल्या.
राहिला चार तलवारींचा.
बर्फात झोपलेला शिलेदार, छातीवर हात,
तीन सुळे वर लटकलेले, एक उशाशी.
भिंगाने पाहिला. खिडकीशी धरला. उलटा केला.
चित्रकार त्या दिवशी दमला असेल.
किंवा त्याच्या घरी कोणी आजारी असेल
आणि झोपलेल्याजवळ कोणी फिरकू नये
असं त्याला वाटलं असेल.
शेवटी तो पत्ता फ्रीजवर लावला,
दूध काढताना एक नजर.

काल एरलेंड फ्लेट आला, ब्रेक बघायला.
हात तेलकट, म्हणून पाठीमागे बांधून उभा राहिला.
मी कप विसळत होते. तो फ्रीजकडे बघत होता.
मग हसला. थोरा, म्हणाला, ही बघ की, इथेच तर—

मी हात त्याच्या तोंडावर ठेवला.
साबणासकट.

दाढीतला फेस पुसत
त्याने एक चमचा साखर जास्त मागितली.
बाहेर शेवटची फेरीबोट धक्क्याला लागत होती.
सांगू नकोस, म्हटलं.
अजून आमची ओळख चाललीय.